गहुली : तांड्याचें झालेलें गांव

यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांत गहुली नांवाचें एक लहानसें खेडें आहे. वऱ्हाडांतील जुन्या गांवाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे एखादें हेमाडपंती देऊळ, देशमुखांची गढी, वतनाचे कागद यांचा आधार घेण्याची रीत आहे. गहुलीच्या बाबतींत ही रीत उपयोगी पडत नाहीं. तें बंजाऱ्यांचें गांव आहे. आणि पिढ्यान् पिढ्या वाटेवर काढलेल्या लोकांनीं एका जागीं घर कां बांधलें, हाच त्याचा इतिहास होय.

आगगाडी येण्यापूर्वीं या देशांतील कितीतरी माल बैलांच्या पाठीवरून हालत असे. गोण्यांत मीठ आणि धान्य भरून बंजाऱ्यांचे तांडे समुद्रकांठापासून थेट वऱ्हाड-नागपुरापर्यंत येत. लवण म्हणजे मीठ, त्यावरून त्यांना लमाण म्हणूं लागले, अशी व्युत्पत्ति सांगतात. तांड्याचा मुख्य तो नाईक. मुक्काम कोठें टाकावयाचा, घाट कोणता उतरावयाचा, आपसांतला तंटा कसा तोडावयाचा, हें सारें त्याच्या शब्दावर चाले. फौजांना तर या लोकांवांचून गति नव्हती. मोंगलांच्या दक्षिणेंतील छावण्यांस त्यांनीं धान्य पुरविलें, आणि १८०३ सालीं शिंदे-भोसल्यांशीं लढणाऱ्या वेलस्लीच्या सैन्यासही त्यांनींच पुरविलें. तुम्ही कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न त्यांना विचारण्यांत अर्थ नव्हता. ते व्यापारी होते.

१८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हातीं गेला, आणि १८६७ सालीं भुसावळहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोंचला. जो माल नेण्यास मोठा तांडा आठवडेच्या आठवडे चाले, तो मालगाडी एका रात्रींत नेऊं लागली. धंदा बसला. त्यांत १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि कित्येक भागांत बंजाऱ्यांच्या नुसत्या हिंडण्यावरच संशयाचा शिक्का बसला. काल ज्याच्या गोणींतलें धान्य खाऊन लढाया जिंकल्या, त्यालाच आज चोर ठरविण्याची ही कृतज्ञता विलक्षणच म्हणावयाची! तो कायदा १९५२ सालीं पुरता उठला.

या उलथापालथींत पुष्कळ तांडे दुसऱ्यांच्या गांवांच्या शिवेवर बसले. चतुरसिंग राठोड या नाइकानें मात्र गहुली हें गांवच वसविलें. बैलाच्या पाठीवरची गोणी उतरली आणि मानेवर जूं आलें. नाईक हा तांड्यांतला हुद्दा होता, तोच घराण्याचें आडनांव झाला.

चतुरसिंगांचे पुत्र फुलसिंग. त्यांच्या घरीं १ जुलै १९१३ रोजीं वसंतराव जन्मले. शाळेसाठीं त्यांना आजूबाजूच्या खेड्यांतून हिंडावें लागलें. नागपुरास नील सिटी हायस्कूल आणि मॉरिस कॉलेज येथें शिकून ते वकील झाले. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा प्रसार, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठें आणि १९७२ च्या दुष्काळांत गांवोगांव निघालेलीं रोजगाराचीं कामें याच कारकीर्दींतलीं. त्यांचे पुतणे सुधाकरराव हेही गहुलीचेच. १९९१ ते १९९३ या काळांत तेही मुख्यमंत्री झाले.

वसंतरावांचा जन्मदिवस महाराष्ट्र सरकार कृषिदिन म्हणून पाळतें. तो दिवस ऐन पेरणीच्या दिवसांत येतो. गहुलीचीं बरींचशीं माणसें तेव्हां शेतांतच असतात.