जुनी गाडी पाणी का पिते?

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की मुंबई-पुण्याहून कोकणातल्या गावी जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्यांत जुन्या गाड्या पुष्कळ असतात. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी ती अजून कितीतरी घरांत आहे. ओम्नी आणि जुनी वॅगन-आरही आहेत. पुढे अब्बा, मागे अम्मी, दादी आणि मुले, टपावर सामान, आत एसी, आणि समोर घाट. कशेडीला आता बोगदा झाला, पण वरंधा आहे, आंबा आहे, आंबेनळी आहे. अशा चढावर बॉनेट उघडून वाफ सोडत उभी असलेली गाडी आपण सर्वांनीच पाहिली आहे. घाटाला दोष दिला जातो. खरे तर तिची गळती बहुतेक वेळा कित्येक आठवड्यांपूर्वी, घराखालच्या पार्किंगमध्येच सुरू झालेली असते.

"आमची गाडी जरा पाणी पिते," असे लोक सहज सांगतात. रोज सकाळी बाटलीभर पाणी ओततात आणि निघतात. पण पेट्रोल जळते तसे कूलंट जळत नाही. ते बंद नळ्यांतून इंजिन ते रेडिएटर आणि पुन्हा इंजिन असे फिरत राहते. पातळी वारंवार उतरत असेल तर ते कुठून तरी बाहेर जात आहे, याला दुसरा अर्थ नाही. रोज पाणी ओतल्याने गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

रेडिएटरचे झाकण कसे काम करते हे स्वयंपाकघरातल्या कुकरवरून चटकन कळते. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळून उडून जात नाही. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंगही असाच दाब धरते. अनेक छोट्या गाड्यांत तो ०.९ किलोच्या आसपास असतो आणि तो आकडा झाकणावरच छापलेला असतो. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या जवळपास जाऊन उकळते. कुकरची रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही. तसेच झाकणाचे रबर चिरले की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडते. झाकण ही सगळ्यांत स्वस्त वस्तू आहे आणि तीच सगळ्यांत शेवटी बदलली जाते. मला विचाराल तर जुन्या गाडीत सुरुवात तिथूनच करावी. मात्र नवे झाकण त्याच दाबाचे हवे. जास्त दाबाचे बसवले तर जुने पाइप फाटतील.

आता पाण्याविषयी. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असा एक समज आहे. कूलंटचे काम केवळ गोठण्यापासून वाचवणे नाही. त्यामुळे उत्कलनबिंदू वाढतो, आणि त्यातली रसायने लोखंडाला गंज लागू देत नाहीत, अॅल्युमिनियम खाऊ देत नाहीत. बोअरचे जड पाणी घालाल तर चहाच्या पातेल्याला जसा पांढरा थर बसतो तसा तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. गंजाचे कण पंपाचे सील घासतात. म्हणजे गळती ज्याने झाकतो, त्याच पाण्याने पुढची गळती तयार करतो. कूलंट घट्ट असेल तर निम्मे कूलंट आणि निम्मे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. डब्यावर तयार मिश्रण असे लिहिले असेल तर त्यात पाणी घालू नये. साधे हिरवे कूलंट दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरनंतर बदलावे. कंपनीच्या पुस्तकात वेगळे सांगितले असेल तर ते मानावे. रंग सारखा म्हणजे माल सारखा असे नसते, तेव्हा वेगवेगळी कूलंट एकत्र ओतू नयेत.

गळती शोधायला सकाळची वेळ उत्तम, इंजिन पूर्ण थंड असताना. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. एसीचे पाणी स्वच्छ असते, त्याला वास नसतो. कूलंटचा थेंब रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचा. रबरी पाइप हाताने दाबून पाहा. तो लवचिक हवा. कडक, भेगाळलेला, फुगलेला किंवा क्लिपजवळ पिचपिचीत झाला असेल तर बदला. चार-पाच वर्षांनंतर रबरावर भरवसा ठेवू नये. क्लिप सैल असेल तर आवळा, पण जोर लावून नको, पट्टी रबर कापते. सांध्यांवर पांढरी-हिरवी पपडी दिसली तर तिथून पाझर आहेच. आपले मिस्त्री ज्याला वॉटर बॉडी म्हणतात त्या पंपाला खाली एक बारीक भोक असते. त्यातून ओल आली तर आतले सील गेले. ते भोक बुजवून काही साधत नाही, पंपच बदलावा लागतो. डाव्या सीटच्या पायाखालची चटई ओली आणि काचेवर चिकट धुके, तर हीटरची जाळी गळते आहे. काहीच दिसत नसेल तर गॅरेजमध्ये हातपंपाने रेडिएटरवर दाब देऊन बघता येते. काटा खाली आला की गळती आहे.

बाहेर थेंब नाही, पण पातळी उतरते, सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतो, तेलाची काडी काढली तर तेल दुधाच्या चहासारखे दिसते. अशा वेळी हेड गॅसकेट गेले असण्याची शक्यता मोठी. तशी गाडी चालवूच नये. अॅल्युमिनियमचे हेड तापून वाकले की काही शे रुपयांच्या पाइपचे काम हजारोंवर जाते. ज्या घराची रोजी त्याच ओम्नीवर आहे, तिथे तेवढे दिवस चूलही अडते.

रस्त्यावर दोन इलाज फार चालतात. एक म्हणजे रेडिएटरमध्ये हळद टाकणे. बारीक चीर तात्पुरती बुजते, घरी पोहोचण्यापुरते ठीक. पण तीच हळद नंतर नळ्याही बुजवते, म्हणून घरी आल्यावर रेडिएटर धुवून घ्यायला हवा. दुसरा इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. तो मला अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवावा. तो नसेल तर इंजिन योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त जाते, आणि मूळ गळती जिथल्या तिथेच राहते.

वाटेत काटा वर चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा. काटा एकाएकी खाली पडला तर खूश होऊ नका. कूलंट इतके संपले असेल की सेन्सर कोरडा पडून चुकीचे दाखवतो आहे. मुलांना गाडीपासून दूर उभे करा. झाकणाला निदान अर्धा तास हात लावू नका. गरम झाकण सैल होताच दाब सुटतो आणि उकळते पाणी थेट चेहऱ्यावर येते, फडके धरले तरी. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नये, धातूला तडा जातो.

आणि काढलेले जुने कूलंट. त्यातले इथिलीन ग्लायकॉल गोड असते आणि विषारी असते, किडनी निकामी करते. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ते जिन्याखाली ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. ते गॅरेजवरच ठेवून यावे. जमिनीवर सांडले असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, कारण मांजर ते चाटू शकते. मुलाने घोटभर जरी प्यायले असेल तर लक्षणांची वाट न पाहता डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा.