पोच दे, पुढचा तुकडा घे!

संगणक सुरू व्हायला ऑपरेटिंग सिस्टीम लागते आणि ती असते हार्ड डिस्कवर नाहीतर मेमरी कार्डावर. आता समजा, एका संगणकात डिस्क नाही, कार्डही नाही. नुसती नेटवर्कची केबल जोडलीय. तो सुरू होईल?

होतो की! रास्पबेरी पाय ३बी प्लस हा तळहातावर मावणारा संगणक २०१८ साली आला. कार्ड न घालता त्याला केबल जोडा आणि वीज द्या. आधी तो कार्ड शोधतो. ते सापडलं नाही की नेटवर्कवर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, ‘माझा पत्ता काय? आणि माझ्या फाइली कोणाकडे आहेत?’ उत्तर द्यायला एखादा संगणक तयार ठेवलेला असेल, तर तो सांगतो, ‘हा घे तुझा पत्ता. फाइली माझ्याकडे माग.’ मग रास्पबेरी पाय पहिली फाइल मागतो. तिचं नाव बूटकोड डॉट बिन. ती आली की पुढची कुठली आणायची हे तिलाच ठाऊक असतं. असं करत करत पडद्यावर चित्र उमटतं.

पण ज्या संगणकात अजून काहीच भरलेलं नाही, त्याला मागायचं कसं हे कोणी शिकवलं? कारखान्यात त्याच्या चिपमध्ये एक चिमुकला प्रोग्राम कायमचा कोरलेला असतो. तिथं जागा अगदी थोडी असते. त्यामुळे फाइल मागायची पद्धतही इतकी छोटी हवी की ती त्या जागेत मावली पाहिजे. अशी पद्धत आहे, आणि ती तुमच्या आईबाबांच्या लहानपणापासून आहे. तिचं नाव ट्रिव्हियल फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे टीएफटीपी.

याच्या आधी एफटीपी होतं. त्याचा पहिला मसुदा १९७१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी! एफटीपीला खूप कामं येतात. ते नाव आणि पासवर्ड विचारतं, फोल्डरमध्ये काय काय आहे ते दाखवतं, फाइल पुसतं, तिचं नाव बदलतं. टीएफटीपीला यातलं काहीही येत नाही. फाइल दे आणि फाइल घे, बस्स. ते मुळात आखलं नोएल चियाप्पा यांनी. १९८१ साली एमआयटीच्याच कॅरेन सॉलिन्स यांनी त्याचे नियम लिहून काढले आणि १९९२ मध्ये ते सुधारले. सगळे मिळून जेमतेम ११ पानं. तुमच्या एखाद्या धड्याएवढी!

बांधकामावर खालून विटा फेकणारा आणि वर झेलणारा बघितलाय ना? वरच्यानं झेलल्याशिवाय खालचा दुसरी वीट फेकत नाही. टीएफटीपीचं तसंच आहे. फाइली देणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तो फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करतो. अशा तुकड्याला ब्लॉक म्हणतात. मग संभाषण असं चालतं:

‘बूटकोड डॉट बिन दे.’
‘घे ब्लॉक १.’
‘१ ची पोच.’
‘घे ब्लॉक २.’
‘२ ची पोच.’

पोच आली नाही तर सर्व्हर थोडा वेळ थांबतो आणि तोच ब्लॉक पुन्हा पाठवतो. वाटेत ब्लॉक हरवला काय किंवा पोच हरवली काय, इलाज एकच. मागणी वाचायची, मागणी लिहायची, डेटा, पोच आणि चूक अशा पाचच प्रकारच्या चिठ्ठ्या असतात. सहावा प्रकार मुळात नव्हताच.

आणि फाइल संपली हे कसं कळतं? मला ही युक्ती सगळ्यात जास्त आवडते. ‘संपली’ असं सांगणारी वेगळी चिठ्ठीच नाही! ५१२ पेक्षा छोटा ब्लॉक आला की समजायचं, हा शेवटचा. आणि फाइल नेमकी ५१२ च्या पटीत असली तर? मग सर्व्हर शेवटी शून्य बाइटचा, रिकामा ब्लॉक पाठवतो. त्याचीसुद्धा पोच द्यावी लागते बरं का.

इतक्या साध्या नियमांतही एक गंमतशीर घोटाळा लपून बसला होता. समजा, ७ ची पोच हरवली नाही, नुसती रेंगाळली. सर्व्हर वाट बघून कंटाळला आणि त्यानं ब्लॉक ७ पुन्हा पाठवला. तेवढ्यात ती रेंगाळलेली पोच आली, म्हणून त्यानं ८ पाठवला. तिकडे ७ दुसऱ्यांदा पोचला, म्हणून घेणाऱ्यानं इमानदारीत दुसरी पोच दिली. ती बघून सर्व्हरनं ८ पुन्हा पाठवला. आता ८ च्या दोन पोचा, म्हणून ९ दोनदा, १० दोनदा… फाइल संपेपर्यंत सगळं दोनदा!

या घोटाळ्याला संगणकवाल्यांनी नाव दिलं ‘जादूगाराच्या चेल्याचा आजार’. गटे या जर्मन कवीच्या एका कवितेत चेला अर्धवट शिकलेल्या मंत्रानं झाडूला पाणी भरायला लावतो. थांबवायचा मंत्र काही आठवत नाही, म्हणून कुऱ्हाडीनं झाडूचे दोन तुकडे करतो. मग दोन्ही तुकडे पाणी भरायला लागतात. (१९४० च्या ‘फँटेशिया’ चित्रपटात मिकी माउस हा चेला झालाय.) आजारावरचं औषध अगदी सोपं निघालं. त्याच ब्लॉकची पोच दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरनं काहीही करायचं नाही. वाट बघून वेळ संपली तरच पुन्हा पाठवायचं. १९९२ च्या नियमांत हे औषध घातलेलं आहे.

आता थोडं गणित. १० एमबीच्या फाइलचे होतात साधारण २०,४८० ब्लॉक. ब्लॉक जाऊन त्याची पोच यायला घरातल्या घरात एक मिलिसेकंद लागला असं धरू. म्हणजे सगळी फाइल साधारण २० सेकंदांत आली. पण सर्व्हर दूरच्या देशात असेल आणि प्रत्येक खेपेला १०० मिलिसेकंद लागत असतील तर? तीच फाइल यायला ३४ मिनिटं! केबल कितीही वेगवान असली तरी सर्व्हर बराचसा वेळ नुसता पोचेची वाट बघत बसलेला असतो. म्हणून टीएफटीपी शोभतं ते एकाच घरात, एकाच इमारतीत. पुढे ५१२ पेक्षा मोठे ब्लॉक ठरवून घ्यायची सोयही झाली, पण ती दोघांनाही मान्य असावी लागते.

असा सर्व्हर चालवणं अवघड नाही. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या संगणकावर डीएनएसमास्क नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीत टीएफटीपी सुरू करायचं आणि दुसऱ्या ओळीत कुठलं फोल्डर वापरायचं ते सांगायचं. त्या फोल्डरबाहेरचं काही द्यायचं नाही. सर्व्हर ६९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जणू संगणकाच्या ६९ क्रमांकाच्या दारावर, कान लावून बसतो, पण उत्तर मात्र दुसऱ्याच, नव्या क्रमांकावरून देतो, म्हणजे ६९ पुढच्या गिऱ्हाइकासाठी मोकळा राहतो. ‘फाइल सापडली नाही’ अशी चूक आली, तर आधी नावातली लहान-मोठी अक्षरं तपासा. लिनक्सला ती वेगवेगळी वाटतात.

मात्र हे उद्योग घरातल्या मोठ्यांना विचारून, घरच्याच नेटवर्कवर करा. शाळेच्या नको! डीएनएसमास्क पत्ते वाटायचं कामही करू शकतो, आणि राउटर ते आधीपासून करतच असतो. दोघंही वाटायला लागले की सगळ्या घराचं इंटरनेट गोंधळात पडतं आणि मग बोलणी कोणाला बसतात, ते सांगायला नको. शिवाय टीएफटीपीत पासवर्ड नाही. नेटवर्कवरच्या ज्याला फाइलचं नाव माहीत आहे, त्याला ती मिळते. तेव्हा डायरी-बियरी त्या फोल्डरमध्ये ठेवू नका.

आता तुमची पाळी. फाइल आहे नेमकी ५,१२० बाइटची. एकही चिठ्ठी हरवली नाही, तर सर्व्हर किती ब्लॉक पाठवेल? तुमचं उत्तर १० आलं असेल, तर घेणारा अजून वाट बघत बसलाय.