महामार्गावरचा भटारखाना

नवापूरचं रेल्वे स्थानक दोन राज्यांत आहे: तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. 1 मे 1960ला राज्यं वेगळी झाली, स्थानक होतं तिथंच राहिलं. तिथून सुरत-धुळे महामार्गाला लागून विसरवाडीकडं निघालं, की काठियावाडी ढाब्यांच्या पाट्या दिसू लागतात.

सौराष्ट्राकडून आलेला महाराज शेव-टमेटांत गुळाचा खडा टाकतो. इथल्या गिऱ्हाइकाला शेवभाजी हवी काळ्या मसाल्याची, तर्री आलेली. नंदुरबार म्हणजे मिरचीची मोठी बाजारपेठ, तिथल्या माणसाला गोडूस रस्सा कसा चालेल? मग महाराज नव्यानं शिकतो. कांदा-खोबरं काळपट होईतो भाजायचं, वाटण तेल सुटेतो परतायचं आणि जाड शेव अगदी वाढताना रश्शात सोडायची. आधी सोडली तर लगदा होतो. गुळाची कढई गुजरातच्या ट्रकवाल्यांसाठी बाजूला राहतेच.

भाषेचं फार अडत नाही. भाकरी थापायला शेजारच्या पाड्यावरची बाई येते. तिच्या मावची बोलीत गुजरातीच्या ओळखीचे शब्द पुष्कळ. तंदूरवर उत्तरेकडचा पोरगा असला तर हिंदी आहेच. आठवडाभरात ‘मीठ’, ‘पाणी’, ‘उतरव’ एवढं सगळ्यांना कळतं.

खरी अडचण शिवाशिवीची. संविधानाच्या कलम 15नं उपाहारगृहात जातीवरून कुणाला अडवायला मनाई केली, ती 1950 साली. पण भटारखान्यात पिठाला कुणाचा हात लागायचा, हे त्यानंतरही मालक आणि महाराजच ठरवत आले. आदिवासी बाईच्या वाट्याला यायची ती खरकटी भांडी. आज तिच्या हातची भाकरी महाराज स्वतः खातो, पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिणारा मालकही खातो. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मात्र फोडणी अजून पुरुषाकडंच आहे आणि जास्तीचा पगारही.

दुकानं व आस्थापनांच्या महाराष्ट्राच्या 2017च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आहे; पण तो लागू होतो वीस किंवा अधिक कामगार असतील तिथं. चार-सहा माणसांचा ढाबा त्यातून सुटतो. ढाबेमालकांनी ही सुट्टी आपणहून द्यावी, तीही पगारी: गाव सोडून आलेल्या महाराजाला आणि पाड्यावरून चालत येणाऱ्या बाईलाही.