कॉम्प्युटरचे घड्याळ बरोबर कसे राहते? स्कॉलरशिपच्या फॉर्मपासून इफ्तारच्या वेळेपर्यंत

बरेच दिवस बंद असलेला कॉम्प्युटर स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी सुरू करावा आणि वेबसाइट उघडूच नये, असा अनुभव अनेक घरांत येतो. 'तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा दिसतो. मग कोणी नेटला नावं ठेवतं, कोणी म्हणतं व्हायरस आला. शेवटची तारीख जवळ असेल तर घरभर धावपळ सुरू होते. अशा वेळी आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षे मागची असेल, तर दोष बहुधा नेटचा नाही, घड्याळाचा आहे.

प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक डिजिटल प्रमाणपत्र असते. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असे नोंदलेले असते. कॉम्प्युटर जुन्या वर्षात अडकला असेल, तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते. म्हणून तो दार उघडत नाही.

घड्याळ चुकते का?

कॉम्प्युटरच्या आत क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून सेकंद मोजले जातात. पण उष्णतेमुळे, जुना झाल्यामुळे हा वेग किंचित बदलतो. दहा लाखांत २० कंपनांचा फरक पडला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला सुमारे ५० सेकंद चुकतात. तसेच चालू राहिले तर एका रमजानपासून पुढच्या रमजानपर्यंत १० मिनिटे होतात!

मस्जिदमधला डिजिटल नमाज बोर्ड नेटला जोडलेला नसेल, तर त्याचेही असेच होऊ शकते. तो पुढे गेला तर सूर्यास्ताआधीच रोजा उघडला जाईल. मागे पडला तर सहेरीचा वक्त संपल्यावरही कोणी पाणी पीत बसेल.

वेळ विचारणारे सॉफ्टवेअर

यावर उपाय म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, थोडक्यात एनटीपी. अमेरिकेतले प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी तो तयार केला आणि १९८५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. विंडोज, लिनक्स, मोबाइल अशा सगळीकडे आज ही पद्धत किंवा तिचे सोपे रूप वापरले जाते.

अडचण अशी, की वेळ विचारायला निरोप जातो आणि उत्तर येते, तोवर वेळ पुढे सरकलेली असते. समजा, आपल्या घड्याळात १० वाजून ० सेकंद झाले असताना निरोप गेला. सर्व्हरने तो पाहिला तेव्हा त्याच्या घड्याळात १० वाजून ३१ सेकंद होते आणि त्याने लगेच उत्तर पाठवले. ते पोहोचले तेव्हा आपले घड्याळ १० वाजून २ सेकंद दाखवत होते. म्हणजे जाण्यायेण्याला २ सेकंद लागले. त्याचे अर्धे १ सेकंद. म्हणून खरी वेळ १० वाजून ३२ सेकंद. आपण ३० सेकंद मागे! प्रत्यक्षात हा प्रवास सेकंदाच्या अगदी लहान भागात होतो, पण हिशेब हाच.

या सर्व्हरची एक साखळी असते. सर्वात वर अणुघड्याळे, त्यांना जोडलेले सर्व्हर पहिल्या पायरीवर, त्यांच्याकडून वेळ घेणारे दुसऱ्या पायरीवर. आपल्या देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या मदतीने राखते. तिचा सर्व्हर 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग' या पत्त्यावर आहे.

वेळ राखण्याचे असे काम आपल्या इतिहासाला नवे नाही. पूर्वी मोठ्या मस्जिदींमध्ये मुवक्कित म्हणजे नमाजचे वक्त ठरवणारा जाणकार नेमलेला असे. चौदाव्या शतकातले खगोलशास्त्रज्ञ इब्न अल-शातिर हे दमास्कसच्या उमय्या मस्जिदीचे मुवक्कित होते. तिच्या मिनारासाठी त्यांनी मोठे सूर्यघड्याळही बनवले.

घरी काय करावे?

विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', मग 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'डेट अँड टाइम' उघडा. टाइम झोन भारताचा, म्हणजे 'अधिक साडेपाच तास' असल्याची खात्री करा. 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' सुरू करा आणि 'सिंक नाऊ' दाबा. तारीख फारच मागे असेल तर सॉफ्टवेअर एवढी मोठी दुरुस्ती नाकारू शकते. तेव्हा आधी हाताने तारीख-वेळ लावा, मग सिंक करा.

लिनक्सवाल्यांसाठी क्रोनी हे सॉफ्टवेअर आहे. नेट ये-जा करते तिथे ते चांगले काम देते.

प्रत्येक वेळी प्लग काढला की तारीख पुन्हा मागे जाते? मग मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असणार. डेस्कटॉपमध्ये ती बहुतेक वेळा सीआर २०३२ नावाची असते. ती बदलल्याशिवाय दुखणे जाणार नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. घड्याळ बरोबर असणे वेगळे आणि वेळापत्रक बरोबर असणे वेगळे. दोन्ही शहरांतली घड्याळे सारखीच असली, तरी नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी माथ्यावर येतो. म्हणून अजानच्या अ‍ॅपमध्ये आपलेच गाव निवडलेले हवे. वेळापत्रक आपल्या मस्जिदीचे, उलमांनी सांगितलेले घ्यावे. एनटीपी फक्त 'आत्ता किती वाजले' एवढेच सांगते.

रमजानचा चांद दिसायच्या आधी घरातल्या आठवी-नववीच्या मुला-मुलीकडे हे काम द्या: घरचा कॉम्प्युटर तपासायचा आणि मस्जिदीच्या बोर्डाची वेळ नेटवरून वेळ घेणाऱ्या मोबाइलशी ताडून बघायची. फरक दिसला तर कमिटीला सांगायचे. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यावर साऱ्या मोहल्ल्याचे रोजे अवलंबून असतात.