जंजिऱ्याची सैर : मुलांना समुद्र दाखवा, इतिहासही दाखवा

सुट्टी लागली की मराठवाड्यातली आपली कुटुंबे खुलताबाद, म्हैसमाळ किंवा नातेवाइकांची गावे गाठतात. समुद्र मात्र आपल्या मुलांना बहुधा पुस्तकातच भेटतो. यंदा बेत आखत असाल तर रायगड जिल्ह्यातल्या मुरुड-जंजिऱ्याचा जरूर विचार करा. अंतर सुमारे 400 किलोमीटर आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे जाता येते. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते. तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. आत प्रचंड तोफा आहेत. त्यांत कलालबांगडी सर्वांत प्रसिद्ध. चारी बाजूंना खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. मुले या एकाच गोष्टीवर दहा प्रश्न विचारतील. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट, यावरून आला, हे त्यांना तिथेच सांगा. उर्दू शिकणाऱ्या मुलाला आपल्या भाषेचे धागे किती लांब जातात ते कळेल.

किल्ल्याचे धनी सिद्दी हे मूळचे हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचे. हजरत बिलाल (रजि.) यांचे मूळही हबशाचेच, आणि मक्केत छळ झाला तेव्हा पहिल्या मुसलमानांना आसरा देणारा नजाशी बादशहाही तिथलाच. त्याच मुलुखातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. तो मलिक अंबर. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आपले शहर. नहर-ए-अंबरी त्याचीच आणि खुलताबादची कबरही त्याचीच. जंजिऱ्याचे सिद्दी वेगळे, पण तेही सुरुवातीला निजामशाहीच्याच चाकरीत होते. म्हणजे जंजिरा पाहताना आपण आपल्याच शहराच्या इतिहासाचे दुसरे पान उलटत असतो.

आता एक नाजूक गोष्ट. किल्ल्यात फिरताना मूल हमखास विचारते, “सर, यात आपले कोण?” शिवाजी महाराजांनी जंजिरा घेण्याचे अनेक प्रयत्न केले. त्यांनी बांधलेला पद्मदुर्ग समोरच समुद्रात दिसतो. ज्यांच्या नावाने आज आपले शहर ओळखले जाते त्या संभाजी महाराजांनी तर 1682 च्या सुमारास समुद्रात भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट काढायचा प्रयत्न केला. किल्ला पडला नाही. हे सारे खरे आहे आणि मुलांपासून लपवण्यासारखे त्यात काही नाही. पण अर्धेच सांगू नका. मराठ्यांच्या आरमाराचा एक प्रमुख दौलतखान होता. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले होते. ही लढाई राज्याची, बंदरांची आणि व्यापाराची होती, दोन धर्मांची नव्हती. मुलाला सांगा, शौर्य ज्याचे असेल त्याचे कौतुक करावे. हा किल्लाही आपला आणि समोरचा पद्मदुर्गही आपलाच. हे उत्तर आपण दिले नाही, तर मोबाईलवरचा कोणीतरी दुसरेच उत्तर देईल.

राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांचे दगडी घुमट आहेत. गर्दी नसते, फातिहा पढून शांत बसता येते. मुरुडमधला नवाबांचा राजवाडा बाहेरूनच पाहावा. त्या घराण्यातल्या नाझली रफिया बेगम यांनी 1908 मध्ये युरोपचा प्रवास केला आणि ‘सैर-ए-यूरोप’ हे सफरनामे उर्दूत लिहिले. आपल्या मुलींना ही हकीकत आवर्जून सांगावी. नवाबांच्या शिकारीचे जंगल आज फणसाड अभयारण्य आहे. सकाळी लवकर गेलात तर शेकरू दिसू शकते. हे संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले.

कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आहेत. त्यांच्या मशिदीत अस्रची जमात आपल्या हनफी वेळेआधी होते आणि फजरमध्ये कुनूत पढतात. मुले गोंधळतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. आपण मुसाफिर असल्याने जोहर, अस्र आणि इशाचे फर्ज दोन-दोन रकात. जेवणात तांदळाची भाकरी आणि ताजी मासळी मिळते. खेकडे-शिंपल्या त्यांच्याकडे चालतात, आपल्या हनफी मसलकात नाहीत. तेव्हा मागवण्यापूर्वी विचारा, पण यजमानाला नावे ठेवू नका.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या याच किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यांत मुलीही होत्या. आम्ही शिक्षक तो दिवस विसरू शकत नाही. वाळू सपाट आणि पाणी उथळ दिसते, पण भरती-ओहोटीला ओढ जबरदस्त असते, आणि विहिरीत पोहणाऱ्याला समुद्र पोहता येतोच असे नाही. म्हणून भरती-ओहोटीची वेळ गावातल्या कोळी बांधवांना विचारा. ओहोटी लागली की पाण्यातून बाहेर या. घोट्यापेक्षा खोल पाण्यात मुलांना एकटे सोडू नका. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या आणि होडी जास्त भरली असेल तर पुढच्या होडीची वाट पाहा. मुलांचे फोटो काढताना त्यांच्याकडे पाठ फिरवू नका. तवक्कुल जरूर करावे, पण आधी उंट बांधावा, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे.

अल्लाहने पसरलेली ही दुनिया मुलांना दाखवा, आणि सर्वांना सुखरूप घरी आणा.