परंपरित अपूर्णांक : अविकारी माप आणि सीमावर्तन

प्रस्तावना :
भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ या ग्रंथात ६१य² + १ = क्ष² हे समीकरण चक्रवाल पद्धतीने सोडविले. त्याचे लघुतम उत्तर य = २२६१५३९८० व क्ष = १७६६३१९०४९ असे येते. आधुनिक परिभाषेत या उत्तराचे मूळ √६१ च्या परंपरित अपूर्णांकात आहे. अशा अपूर्णांकांतील भागफळे दीर्घकाळात कोणता नियम पाळतात, याचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

विवेचन :
० व १ यांमधील अपरिमेय संख्या क्ष घेऊन १/क्ष काढावा, त्यातील पूर्णांक भागफळ म्हणून नोंदवावा आणि उरलेल्या अपूर्णांकावर तीच क्रिया पुनःपुन्हा करावी. ज्या वितरणानुसार संख्या निवडल्या, तेच वितरण क्रियेनंतरही कायम राहिल्यास त्यास अविकारी माप म्हणतात. येथे त्याची घनता १/(१ + क्ष) च्या प्रमाणात असते. हे सीमावितरण गाउस यांनी १८१२ मध्ये लाप्लास यांना पत्राने कळविले. कुझमिन यांची सिद्धता १९२८ ची आहे. यावरून जवळजवळ सर्व संख्यांत १ हे भागफळ ४१.५ टक्के, तर २ हे १७ टक्के वेळा येते.

अंशस्थानी १ ऐवजी न ही धन पूर्णांक संख्या घेतल्यास भागफळे न किंवा त्याहून मोठी येतात आणि घनता १/(न + क्ष) च्या प्रमाणात होते. याची सिद्धता सुलभ आहे. भागफळ क असता क्ष ची पूर्वप्रतिमा न/(क + क्ष) असते व तिचे योगदान १/(क + क्ष) − १/(क + १ + क्ष) इतके येते. क = न पासून बेरीज करता मधली सर्व पदे निघून जातात आणि १/(न + क्ष) एवढेच उरते. न = २ असता २ हे भागफळ सुमारे २९ टक्के वेळा येते. एस. जी. दाणी व आर्नाल्दो नोगेरा यांनी २०१४ मध्ये संमिश्र संख्यांच्या परंपरित अपूर्णांकांवर संशोधन प्रसिद्ध केले. तीही व्यापकीकरणाचीच दिशा होय.

मात्र √६१ हा नियम पाळत नाही. पूर्णांक ७ नंतर १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४ ही ११ भागफळे अखंड आवर्तित होतात. त्यांत १ चे प्रमाण ३६.४ टक्के आहे. ५ तर कधीच येत नाही.

निष्कर्ष :
‘जवळजवळ सर्व’ म्हणजे ‘प्रत्येक’ नव्हे. अपवादांचे एकूण माप शून्य असले, तरी भास्कराचार्यांची √६१ त्यांतच मोडते. उलटपक्षी π ही संख्या नियम पाळते की नाही, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. समूहाविषयीचा सिद्धांत एका विशिष्ट संख्येस लावताना स्वतंत्र सिद्धता हवी, हा भेद अध्यापनात आवर्जून स्पष्ट करणे अगत्याचे आहे.