आगीतील पहिली मिनिटे कामगारांच्या हाती

राजगुरुनगर - कारखान्यात आग लागल्यानंतर अग्निशामक बंब पोचेपर्यंतची मिनिटे निर्णायक असतात आणि ती कामगारांच्याच हाती असतात. खेड तालुक्यातील चाकण औद्योगिक पट्ट्यात म्हणूनच या प्रशिक्षणाला महत्त्व आहे. जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यातील उरवडे येथे रासायनिक कंपनीच्या आगीत १७ कामगारांचा बळी गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तळवडे येथे केकवरील शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात महिला कामगारांना प्राण गमवावे लागले.

आग दिसताच प्रथम इतरांना सावध करावे, वीज व गॅसपुरवठा बंद करावा आणि १०१ क्रमांकावर कळवावे. कागद, लाकूड, कापडाची आग पाण्याने विझते. तेल किंवा रंगाच्या आगीवर फेस वा कोरडी पावडर, तर विद्युत उपकरणांवर कार्बन डायऑक्साइड वापरतात. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकल्यास भडकाच उडतो.

अग्निशामक सिलिंडरची पिन काढून, नळी ज्वाळांच्या बुडाशी रोखून फवारा दोन्ही बाजूंना फिरवावा. लहान सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो. त्यामुळे आग लहान असेल आणि पाठीमागे बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल, तरच ती विझविण्याचा प्रयत्न करावा. धूर कोंडू लागल्यास तत्काळ बाहेर पडावे.

सर्व कामगारांना सुटकेचे मार्ग ठाऊक असावेत व पुरेसे प्रशिक्षण मिळावे, असे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३८ ने बंधनकारक केले होते. त्यातील 'सर्व' हा शब्द महत्त्वाचा आहे. रात्रपाळीच्या, कंत्राटी किंवा कालच रुजू झालेल्या कामगाराला बाहेरची वाट ठाऊक नसेल, तर भिंतीवरील लाल सिलिंडर शोभेचाच ठरतो.